साडूभाऊंचा जोड

साडूभाऊ, मशीनवरचं ते पिवळं स्टिकर मी काढलं.

हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं सगळं तुम्ही चिडून ऐकाल, आणि चिडलात की तुम्ही नीट ऐकता हे मला माहीत आहे. शांत असलात की ऐकत नव्हता, नुसती मान हलवत होता. लोह्याच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून सगळी नोकरी काढलीत, वकिलांची भाषणं ऐकून ऐकून मानेला ती सवय लागली असावी.

आपण दोन बहिणींचे नवरे. सुमन माझी, कुसुम तुमची. इतकी वर्षं झाली, एकमेकांना अरे-तुरे कधी केलं नाही. आता करायला तुम्ही अडवणार नाही, पण माझीच जीभ वळत नाही. तेव्हा ‘तुम्ही’च राहू द्या.

तेराव्याला लोह्याला आलो होतो. स्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागला होता आणि त्यात तुम्ही कोट घातला होता. निळा कोट, लाल टाय. लग्नातला सोडला तर तुमच्या अंगावर मी कोट पाहिलेला नाही, आणि तोही तुम्ही जेवणाआधी काढून ठेवला होता. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात एक कोट तयारच असतो, तो कोणाही मेलेल्या माणसाला बसतो. तुमच्या मागे ढग होते, बाजूला समई होती, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून नावांची रांग. त्यातल्या निम्म्यांशी तुमचं बोलणं नव्हतं. उरलेल्या निम्म्यांना तुम्ही ओळखत नव्हता. मला हसू आलं, आणि ‘बघितलं का’ म्हणायला मी बाजूला मान वळवली. बाजूला उसाच्या रसाची गाडी होती. रसवाल्याने विचारलं, ‘‘हाफ का फुल?’’

घरी कुसुम ओसरीवर बसली होती. बायका उठून गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

‘‘दाजी, ते बाकडं झालं का?’’

‘‘थोडं राहिलंय.’’

‘‘ह्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय बघा. माझ्या हातचा जोड हाय, हत्ती बसला तरी हलायचा न्हाई, म्हणत व्हते.’’

‘‘हत्ती एसटीनं जात नाहीत,’’ मी म्हणालो.

ती हसली. मग पदर डोळ्यांना लावला, आणि पदराआडून पुन्हा थोडी हसली. तुम्हाला ठाऊक आहे ती कशी हसते. सुमनही तशीच हसायची.

‘‘फाट्यावर बसवलं की मला फोन करा,’’ ती म्हणाली. ‘‘यायचंय मला. ह्यांच्या हातचं घरात काय बी न्हाई ओ दाजी. सह्या केलेली कागदं तेवढी. तो जोड हात लावून बघायचाय मला.’’

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? परतीच्या बसमध्ये मात्र लोह्यापासून लातूरपर्यंत तुमचं शेवटचं वाक्य कानात वाजत होतं, आणि ते काही फ्लेक्सवर छापण्यासारखं नव्हतं. तिकडे येतोच.

सुमन गेली त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात तो दिवस मला आठवतो. लोक यायचे ते दारातूनच चेहरा तयार करून यायचे. ‘ईश्वरेच्छा’ हा शब्द तेव्हा मी इतक्यांदा ऐकला की अजून ग्रंथपालाच्या नोकरीत असतो तर त्याला वेगळं कपाट दिलं असतं. तुम्ही आलात, चपला काढल्या, मोरीकडे पाहिलं आणि म्हणालात, ‘‘साडूभाऊ, तुमचा नळ गळून राहिला.’’ मग आपण दोघांनी तो नळ दुरुस्त करायला घेतला आणि संध्याकाळपर्यंत पार बिघडवून टाकला. त्या रात्री सुमनच्या जाण्यानंतर मला पहिल्यांदा झोप लागली. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

पुढे तुमची पंच्याहत्तरी पूर्ण झाली, एसटी फुकट झाली, आणि तुमचं येणं वाढलं. सरकारच्या एखाद्या योजनेवर माझा विश्वास बसला असेल तर तेवढ्या एका. सकाळच्या बसने यायचं, दुपारभर वाद घालायचा, संध्याकाळच्या बसने लोह्याला परत. मी फाट्यापर्यंत सोडायला यायचो आणि आपण उभे राहायचो. उभेच, कारण बसायला काही नव्हतं. त्या प्रवासी निवाऱ्यावर नेत्याचा मोठा फोटो आहे, फोटोवर पत्र्याचं छप्पर आहे, पण खालची बसायची फरशी कोणीतरी काढून नेली आहे आणि तिचे लोखंडी कान तेवढे भिंतीतून बाहेर आलेले आहेत. तुमचे गुडघे दुखायचे. एकदा बस फार उशिरा आली, तेव्हा त्या फोटोकडे बघत तुम्ही म्हणालात, ‘‘ह्याला सावली हाय, आपल्याला टेकायला जागा न्हाई. बाकडं करू.’’

‘‘वेल्डरकडे टाकू,’’ मी म्हणालो.

‘‘त्याला कमानीतून सवड कुठं हाय? निवडणूक आली. आपणच करू. मशीन मिळून राहिली आता, घरच्या लाइटीवर चालते. मी बघितलंय.’’

बघितलं होतं ते फोनवर. तुम्ही आयुष्यभर पुरावा मागत आलात, आणि म्हातारपणी फोनवरच्या कोणाही अनोळखी माणसावर डोळे झाकून विश्वास ठेवायला लागलात. पण मशीन मागवलं. खोकं आलं, कुकरच्या खोक्याहून थोडं मोठं. साधं, स्वस्तातलं. गॅसचं नळकांडं लागत नाही. वायरचं छोटं रीळ आत बसवायचं, वायरच्या पोटातच भुकटी भरलेली असते, ती जळते आणि वितळलेल्या लोखंडाला हवेपासून जपते. गनचा घोडा दाबला की वायर आपोआप पुढे सरकते. ऐकायला फार सोपं.

पहिल्या दिवशी वायर गनमधून बाहेर आलीच नाही. आतल्या चाकाजवळच गोळा होत राहिली, आणि झाकण उघडलं तेव्हा आत सुगरणीचं घरटं तयार होतं. तुम्ही म्हणालात मशीन खराब. मी पुस्तिका वाचायला बसलो. ती तीन भाषांत होती आणि तिन्ही भाषा लिहिणाऱ्याला येत नसाव्यात. ‘‘तुम्ही वाचूनच राहिले,’’ तुम्ही कुरकुरलात, ‘‘आणि मी बघून राहिलो. बघू कोणाचं आधी जळते.’’ शेवटी दोन्ही उपयोगी पडलं. पुस्तिकेनं सांगितलं, चाकाचा दाब फार घट्ट करू नका. तुमच्या फोनवाल्यानं सांगितलं, गनचं टोक आधी काढा, केबल जमिनीवर सरळ पसरा, वायर बाहेर येऊ द्या, मग टोक बसवा. वायर गनमधून बाहेर डोकावली तेव्हा आपण दोघांनी इतकी आरोळी मारली की शेजारच्या बाईंना वाटलं नळाला पाणी आलं. त्या बादली घेऊन बाहेर आल्या.

मग जुन्या कूलरच्या पत्र्यावर सराव. पत्रा पातळ, आपला हात जड. जिथे टेकवावं तिथे भोक. तुम्ही वेल्डिंगचा मुखवटा वर करून त्या चाळणीकडे पाहिलंत आणि गंभीरपणे म्हणालात, ‘‘कूलर आता खरी हवा देईल.’’

आणि मग ते स्टिकर. मशीनच्या पोटात एक छोटं झाकण होतं आणि त्याखाली दोन स्क्रू, एक प्लस, एक मायनस. पुस्तिकेत एक बारीक चित्र होतं. त्याचा अर्थ मी असा लावला की मशीन कारखान्यातून गॅसच्या वायरसाठी जोडून येतं, गन प्लसला. बिनगॅसची वायर घातली तर उलटं करायचं, गन मायनसला आणि अर्थिंगचा चिमटा प्लसला. एवढंच. पण त्या झाकणावर विजेचं चित्र असलेलं पिवळं स्टिकर होतं, अर्धं झाकणावर, अर्धं मशीनवर चिकटवलेलं. ते पाहिलं आणि तुमच्यातला शिरस्तेदार जागा झाला.

‘‘हात लावायचा न्हाई. हे सील हाय.’’

‘‘साधं स्टिकर आहे.’’

‘‘मुद्देमाल सीलबंद असतो तवा सील कोण तोडू शकतं?’’

‘‘कोर्ट.’’

‘‘मग?’’

‘‘इथे कोर्ट कोण?’’

‘‘सध्या मी,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘अन् कंपनी काय खुळी हाय का? त्यांनी लावून पाठवलं ते बरोबरच असंल. सगळा मराठवाडा काडी प्लसला लावून राहिला, तुमचंच मायनस.’’

‘‘ते काडीचं वेल्डिंग. हे वेगळं.’’

‘‘पुरावा?’’

मी चित्र दाखवलं. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिलंत. मग पुस्तिका मिटलीत. ‘‘चित्र अस्पष्ट हाय. पुढच्या पेशीला बघू.’’

पुढच्या पेशीला, म्हणजे पुढच्या तारखेला, तुम्ही लोह्याहून वाळलेल्या मिरच्या घेऊन आलात आणि वाद मिरच्यांवर गेला. त्याच्या पुढच्या वेळी माझ्या चष्म्याचा नंबर निघाला. बाकडं हळूहळू उभं राहत होतं. अँगल कापले, ग्राइंडरनं रंग खरवडला, सगळीकडे नुसते तात्पुरते टाके मारून ठेवले. पक्का जोड एकही नाही. दोघांनी मनावर घेतलं असतं तर लवकर आटपलं असतं. आपण त्याला सारं वर्ष लावलं.

शेवटच्या वेळी आलात तो नळाचा दिवस होता. तुम्ही लोह्याचे, तुम्हाला काय कळणार. लातुरात नळ आला की गल्लीतली प्रत्येक मोटर एकदम सुरू होते, दिवे पिवळे पडतात आणि पंखा विचार करत फिरतो. त्या लाइटीवर वेल्डिंग करू नये, हे मी म्हणालो. ‘‘बसला वेळ हाय,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘एवढा एक जोड मारतो. धरा तुम्ही.’’ उजवीकडचा मागचा पाय आणि बैठकीची चौकट. मी धरलं. मशीन रडत होतं, फटफट करत होतं, ठिणग्या माझ्या बाहीवर येत होत्या. तुम्ही एका दमात जोड मारलात, मुखवटा वर केलात आणि गरम चहावर मारतात तशी फुंकर मारलीत.

‘‘झालं. आता हत्ती बसू द्या.’’

जोडाभोवती फोडणीत मोहरी उडावी तसे दाणे चिकटले होते आणि जोड मधे गाठ मारल्यासारखा फुगून बसला होता.

‘‘हा वरवर बसलाय,’’ मी म्हणालो.

‘‘पुरावा?’’

‘‘हातोडी मारून बघू.’’

‘‘गरम हाय. पुढच्या पेशीला मारा.’’

बस आली. तुम्ही चढलात, खिडकीपाशी बसलात, आणि गाडी हलल्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढून, सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं ओरडलात, ‘‘साडूभाऊ, मी नसताना हातोडी मारायची न्हाई, सांगून ठेवतो!’’

हे तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य. मोठ्या लोकांची शेवटची वाक्यं मी नोकरीत पुष्कळ वाचली. बहुतेक नंतर कोणीतरी रचलेली वाटतात. हे खरं होतं एवढं नक्की.

म्हणून लोह्याहून परत आल्यावर मी बाकड्याला हात लावला नाही. ते पोर्चमध्ये तीन पायांवर उभं आणि चौथा तुमच्या भरवशावर. येता-जाता मी त्याला वळसा घालून जायचो. कुसुमचा फोन यायचा. ‘‘झालं का दाजी?’’ मी म्हणायचो रंग राहिलाय. रंग ही फार सोयीची गोष्ट आहे, ती कायम राहिलेलीच असते.

पण कुसुम येणार होती. आल्यावर ती त्यावर बसणार होती, त्याच बाजूला. आणि ती नाही बसली तरी फाट्यावर कोणी ना कोणी बसणारच. एखादी बाई, मांडीवर मूल. तुमचा हुकूम एका बाजूला आणि ती बाई दुसऱ्या बाजूला. एका सकाळी मी हातोडी घेतली, तुमचा मुखवटा खुंटीवर होता त्याच्याकडे पाठ केली आणि एक हलका टोला दिला. खरंच हलका.

जोड सबंध निघाला. भिंतीवरचा चुन्याचा पोपडा निघतो तसा, अखंड, आणि फरशीवर पडून टणकन वाजला. पाय मोकळा झाला. मी वाकून पाहिलं. जोडाखालच्या लोखंडावर ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. साडूभाऊ, तुमचा जोड लोखंडाला लागलाच नव्हता. इतके दिवस नुसता शेजारी बसून होता.

म्हणजे वाद संपला. मी बरोबर होतो. आणि हे ऐकायला पोर्चमध्ये मी, एक टिपाड आणि त्यातलं पाणी. वाद जिंकल्यावर इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. मी आत जाऊन दोन कप चहा ठेवला. एक ओतून दिला.

त्या दिवशी मी पायरीवर बसून दुसराच एक विचार केला. तुमचा जन्म प्रकरणं पुढं ढकलण्यात गेला. कोणतं प्रकरण कधी बोर्डावर घ्यायचं आणि कोणतं तारखांवर ठेवायचं, हे तुम्हाला न्यायाधीशांपेक्षा जास्त कळायचं. अशा माणसाला ते चित्र कळलं नसेल? एवढा वेळ चष्मा लावून पाहिलंत ते काय पाहत होता? बाकडं झालं असतं तर वाद संपला असता, आणि वाद संपला असता तर एका म्हाताऱ्यानं दुसऱ्या म्हाताऱ्याकडे इतक्यांदा कशाला यायचं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. आपल्याकडे पुरुषांना नुसतं येऊन बसता येत नाही. हातात काहीतरी बिघडलेलं लागतं. याला पुरावा नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘‘काही बी बोलून राहिले तुम्ही,’’ आणि पुढची तारीख दिली असती.

मग मी स्टिकर काढलं. त्याखाली काही नव्हतं, साडूभाऊ. सील नाही, शिक्का नाही. भिंग घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, एवढंच लिहिलं होतं की झाकण उघडण्याआधी वीज बंद करा. म्हणजे उघडायला त्यांची हरकत नव्हतीच. वीज बंद केली, दोन्ही केबली अदलाबदल केल्या, नळाचा दिवस नाही याची खात्री केली आणि एका तुकड्यावर गन टेकवली. आवाजच बदलला. आधी फटाके फुटायचे, आता कढईत भजी पडल्यासारखा एकसारखा आवाज. तुम्ही तो ऐकायला हवा होता. मुखवट्याच्या आतून मी ‘ऐका’ म्हणालोसुद्धा.

जोड तरी सरळ येईना. मी गन पुढे ढकलत होतो, पेनानं लिहितो तशी. आणि तेव्हा तुमचं दुसरं वाक्य आठवलं, जे मी त्या वेळी कानाआड केलं होतं. ‘‘ढकलू नका हो, ओढा. म्हैस ढकलून राहिले का?’’ हे पुस्तिकेत नव्हतं, तुमच्या फोनवाल्यानं सांगितलं होतं. मी ओढायला लागलो. वितळलेलं लोखंड मागे राहतं, भुकटीची खपली त्याच्यावर बसते, आणि गन आपल्याकडे येत राहते, सावकाश. खपली टोचून काढली, ब्रश मारला, आणि खाली एक सारखी, वेणीसारखी रेघ होती. हातोडी मारली. पुन्हा मारली. मीच दमलो. प्लस-मायनस माझं बरोबर होतं, ओढणं तुमचं. एकत्र एकदाही केलं नाही आपण.

तुमच्या जागचा जोड मी सगळ्यात शेवटी मारला. तोवर बाकीच्यांवर हात बसला होता, त्यामुळे तो सगळ्यांत चांगला आला. डावीकडच्या पुढच्या पायाचा मात्र पहिला होता, तो वाकडातिकडा आहे. धरून आहे, पण दिसायला वाईट.

रंग देत होतो तेव्हा वसाहतीचे अध्यक्ष आले. त्यांना कुठूनतरी कळलं होतं.

‘‘सर, लोकार्पण करू. मोठा कार्यक्रम घेऊ. स्टीलची पाटी बनवतो, ‘कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ’. खाली समितीची नावं.’’

‘‘समितीत सगळे जिवंत आहेत ना?’’ मी विचारलं.

‘‘म्हणजे काय सर!’’

‘‘मग कशाला घाई.’’

त्यांनी सोडलं नाही. शेवटी कूलरच कामी आला. मी त्यांना ती चाळणी दाखवली आणि खरं तेच सांगितलं, की पातळ पत्र्याला या मशीननं भोक पडतं, आणि पडायचं तर नेमकं नावात पडेल. अध्यक्षांनी स्वतःचं नाव भोकासह डोळ्यांपुढे आणलं असावं. ‘‘मग फ्लेक्स लावू,’’ ते म्हणाले. मी म्हणालो, बाकड्यावर फ्लेक्स लावला तर बसायचं कुठे? ते गेले. तुमच्या अंगावर दुसरा कोट चढू दिला नाही मी, एवढं लक्षात ठेवा.

बाकडं फाट्यावर बसवलं, पायाभोवती सिमेंट भरलं, आणि कुसुमला फोन केला.

ती दुपारच्या बसने आली. हातात पिशवी, पिशवीत मिरच्या. बस निघून गेली, धूळ खाली बसली, आणि तिनं बाकड्याकडे लांबूनच पाहिलं, देवळाच्या पायरीवरून पाहतात तसं.

‘‘त्यांचा कोणता?’’

मी उजवीकडचा मागचा पाय दाखवला.

ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली. रंगावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत.

‘‘लई सरळ हाय ओ. ह्यांचं अक्षर बी इतकं सरळ नव्हतं.’’

‘‘शेवटी शेवटी हात बसला होता त्यांचा.’’

ती वर माझ्याकडे बघत राहिली. तीच नजर. सुमन भाजीत मीठ विसरली की मी ‘छान झालीय’ म्हणायचो, तेव्हा ती अशीच बघायची.

‘‘हाव का,’’ कुसुम म्हणाली. ‘‘अन् तुमचा कोणता?’’

मी डावीकडचा पुढचा पाय दाखवला. तिनं तो वेडावाकडा जोड पाहिला.

‘‘वाटलंच मला,’’ ती म्हणाली, आणि बाकड्यावर बसली. उजव्या बाजूला, पूर्ण भार टाकून. बाकडं हललं नाही, करकरलं नाही. मी श्वास सोडला तो तिला ऐकू आला असेल तर तिनं तसं दाखवलं नाही.

मग मी खिशातून कागदाची पुडी काढली. तुमचा निघालेला जोड होता तिच्यात, दाण्यांसकट.

‘‘हा त्यांच्या सरावातला तुकडा. घरी ठेव.’’

तिनं तो तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला. खालची बाजू गुळगुळीत होती. रुमालात बांधला आणि पिशवीत मिरच्यांच्या खाली ठेवायला गेली, तेव्हा लक्षात आलं की मिरच्या मला द्यायच्या आहेत. हसली. तिच्या घरात आता तुमच्या हातचं काहीतरी आहे, आणि ते खरोखर तुमच्याच हातचं आहे. फाट्यावरचा जोड लोकांच्या लेखी तुमचा. म्हणजे हिशेबात दोन्हीकडे तुम्हीच आलात. निकाल तुमच्या बाजूनं लागला, साडूभाऊ. मी अपील करणार नाही.

संध्याकाळच्या बसने ती गेली. मी तिथेच बसून राहिलो, डावीकडे, माझ्या वाईट जोडावर. मशीन घरी झाकून ठेवलं आहे. त्याच्यावर आता करण्यासारखं काही नाही. घरातला एकही नळ गळत नाही.

थोड्या वेळानं लोह्याकडे जाणारी आणखी एक बस आली. इतकी वर्षं हात हलवल्याशिवाय कोणती गाडी त्या फाट्यावर थांबली नव्हती. पण आता बाकडं आहे आणि बाकड्यावर माणूस बसलेला आहे, म्हणून ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि गाडी अगदी माझ्यापुढे आणून उभी केली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, ‘‘लोहा का, काका?’’

मी हातानंच खूण केली, जाऊ द्या.